लिमरिकहून मिरजेचा प्रभाग दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळची मिरजेची. गेली आठ वर्षं आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात परिचारिका म्हणून नोकरी करते. मी शाळेत होते तेव्हापासून आपला अंक आमच्या घरी येतो. आई अजून घेते. मी इथे आपली वेबसाइट वाचते, बहुतेक वेळा नाईट ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत. येत्या १५ जानेवारीला राज्यातल्या २९ महानगरपालिकांचं मतदान आहे. आमची सांगली-मिरज-कुपवाडही त्यात आहे. त्या निमित्ताने एक गोष्ट कबूल करायची आहे आणि आपल्याकडे एक मागणीही करायची आहे.

आधी एक जुनी रात्र सांगते. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. इथे रात्रीचे अडीच वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे सकाळचे आठ. सुट्टीत चहा घेऊन बसले, फोन उघडला तर राजभवनात शपथविधी झालेला. मला खरंच वाटेना. मिरजेत भावाला फोन लावला. तो झोपेतच होता. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री कोण झाला हे मिरजेतल्या माणसाला मी लिमरिकहून उठवून सांगितलं. त्याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला. लांब आहे, पण माझं लक्ष आहे. घरच्यांपेक्षा जास्त लक्ष आहे, असं वाटलं.

पुढची चार-पाच वर्षं मी त्याच भ्रमात काढली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा कुठले आमदार कुठल्या दिवशी सुरतहून गुवाहाटीला गेले हे मला तोंडपाठ होतं. धनुष्यबाणाचा निर्णय १७ फेब्रुवारी २०२३ चा, घटनापीठाचा निकाल ११ मे २०२३ चा, घड्याळाचा निर्णय ६ फेब्रुवारी २०२४ चा. या तारखा मी आजही न बघता सांगते. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टावर इथल्या दोन-चार मराठी घरांत मी तासतासभर बोलले आहे.

आणि मग २०२५ च्या उन्हाळ्यात आईला एका कामासाठी रहिवासाचा दाखला हवा होता. मी फोनवर सहज म्हणाले, "अगं, नगरसेवकाकडे जा की, लगेच देतील."

आई म्हणाली, "नगरसेवक कुठले आता? मुदत संपून दोन वर्षं होत आली. माजींकडेच जाऊन आले, पण त्यांच्या सहीला आता किंमत नाही म्हणतात."

मी गप्प झाले. आमच्या महापालिकेची मागची निवडणूक ऑगस्ट २०१८ ची. मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे. सांगली जिल्हा परिषदेत तर मार्च २०२२ पासून एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं तेव्हा कुठे गाडं हललं. ही बातमी मी वाचलेली होती, हे सांगायला हवं. राज्याची बातमी म्हणून वाचली होती. पण म्हणजे आमच्या गल्लीत, आमच्या पाण्याच्या टाकीपाशी, आईने ज्याच्या दारात जाऊन उभं राहायचं तो माणूसच आता नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. राजभवनातली सकाळ मला इथून दिसली आणि माझ्या जन्माच्या शहरात दोन वर्षं सभागृह रिकामं होतं ते दिसलं नाही.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं.

२३ नोव्हेंबर २०२४. तारीख तीच, वारही शनिवारच. विधानसभेचा निकाल. मी पुन्हा रात्रपाळीला, पुन्हा अडीचच्या सुट्टीत फोनवर. मला जो निकाल हवा होता तो लागला नाही. कुठला हवा होता हे इथे महत्त्वाचं नाही. उलटा निकाल लागला असता तर माझ्यासारखंच कुणीतरी दुसरं चिडलं असतं. सकाळी ड्यूटी संपवून घरी आले, झोप झालेली नाही, आणि घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "दीड हजारात महाराष्ट्र विकला."

त्या ग्रुपवर माझी मामी आहे. मामीला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळतात. मामीने काही उत्तर दिलं नाही. दुपारपर्यंत ती ग्रुपमधून निघून गेली होती.

मामा-मामी सांगलीला गावभागात राहतात, मारुती चौकापासून जवळ. ज्यांना सांगली माहीत आहे त्यांना एवढं पुरे. पावसाळा आला की त्या भागातली माणसं आभाळाकडे कमी आणि आयर्विन पुलाकडे जास्त बघतात. "आज आयर्विनला किती?" हा तिथला नमस्कारच असतो. चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीसला धोका. मामांच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची तांबड्या रंगाची रेघ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्या रेघेच्या वर गेलं. आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या पुढे.

तो आठवडा मी इथे कसा काढला ते माझं मला माहीत. दर तासाला फूट बघायचे, कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते बघायचं, मामांचा फोन लागत नाही म्हणून मिरजेला आईला करायचा, तीही रडायची. टीव्हीवर मात्र अलमट्टी धरणावरून कर्नाटकाने काय केलं, सरकार कुठे होतं, कोण कुणाला काय म्हणालं, हेच चालू होतं. मीही तेच ऐकत होते, कारण दुसरं काही ऐकायला मिळत नव्हतं.

मामीने ग्रुप सोडल्यानंतर तीन आठवडे माझं आणि मामांचं बोलणं बंद होतं. शेवटी मीच फोन केला. मामा रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "तुला तिथं बसून सगळं कळतंय, आमास्नी इथं राहून कळंना व्हय?" मग म्हणाले, "पुरात तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरं होडी घेऊन आली. पुढं कोण उभा होता म्हाईत हाय? कंबरेएवढ्या पाण्यात?" त्यांनी नाव सांगितलं. वॉर्डातला एक कार्यकर्ता. त्याने मामीला पाठीवर घेऊन जिन्यावरून उतरवलं होतं. गेल्या निवडणुकीत तो माणूस ज्याच्यासाठी दारोदार फिरत होता त्याला मामांनी मत दिलं. बस्स, एवढंच. आणि मामीचे दीड हजार तिच्या थायरॉइडच्या गोळ्यांना आणि नातवाच्या शाळेच्या रिक्षाला जातात.

या हिशोबाने मत द्यावं की नाही, त्यावर वाद घालता येईल. माझं मामांशी आजही त्यावर एकमत नाही. सरकारच्या तिजोरीचं काय, पूर येऊच नये म्हणून कुणी काय केलं, हे प्रश्न मी त्यांना विचारते आणि विचारत राहीन. पण पाच वर्षं मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की होडी घेऊन कोण आलं होतं. पूर ओसरल्यावर माझ्यापुरता तो संपला होता.

मामीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं, तू लेकराच्या जागी." ग्रुपवर ती अजून आलेली नाही.

संपादक महाराज, परदेशातल्या भारतीयांच्या मतदानाबद्दल आपल्या अंकात अधूनमधून येतं, म्हणून त्याबद्दलही लिहिते. भारतीय पासपोर्ट असलेल्याला २०११ पासून परदेशात राहून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. अर्ज ६-अ भरायचा, आणि मतदान मात्र आपल्या केंद्रावर स्वतः जाऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच करायचं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात अशी १,१९,३७४ नावं नोंदलेली होती आणि प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त भारतीय नर्स मल्याळी आहेत, त्यांना याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. आखाती देशांतून त्यांच्याकडे मतदानासाठी विमानं भरून लोक जातात. मी त्या १,१९,३७४ मध्ये आहे, २,९५८ मध्ये नाही. सांगलीचं मतदान ७ मे ला होतं, मला रजा मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मिळाली असती तरी तिकिटाचे पैसे त्या वर्षी नव्हते.

त्याच २०२४ मध्ये नोव्हेंबरच्या २० तारखेला महाराष्ट्राने मत दिलं आणि २९ तारखेला आयर्लंडने. दहा दिवसांत दोन निवडणुका, एक माझ्या जन्माच्या राज्याची आणि एक मी जिथे कर भरते त्या देशाची, आणि मी दोन्हीकडे नाही. संसदेचं मत इथे त्यांच्या नागरिकांना आणि ब्रिटिशांना. मी नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते, माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींनी केला. पण मग भारतीय पासपोर्ट परत करायचा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मत नाही. तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात दोन वर्षं कोरा पडून आहे.

पण एक मत मला इथे आहे, आणि त्यानेच माझे डोळे उघडले. आयर्लंडमध्ये नगर परिषदेच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिक असावं लागत नाही. इथे राहता, एवढं पुरे. ७ जून २०२४ ला मी लिमरिकच्या परिषदेसाठी मत दिलं. त्याच दिवशी शहराचा महापौर थेट लोकांमधून निवडायचा होता, आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच, त्याचंही मत दिलं. शेजारच्या प्राथमिक शाळेत केंद्र, कागदाची मतपत्रिका, तीवर उमेदवारांचे फोटो, आणि शिक्का नाही तर आकडे लिहायचे: पहिली पसंती १, दुसरी २. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात विधान परिषदेला लिहितात तसे. युरोपच्या संसदेची मतपत्रिका मात्र मला मिळाली नाही, तिचा हक्क युरोपीय नागरिकांनाच. माझ्या पुढच्या बाईला जास्त कागद मिळाले, मला कमी. वाईट वाटलं नाही. हातात पेन्सिल घेऊन मी त्या लाकडी फळीपाशी बराच वेळ उभी राहिले. आयुष्यातलं माझं ते तिसरं मत. पहिली दोन मिरजेतली.

मतदानाच्या तीन आठवडे आधी एक उमेदवार संध्याकाळी दारात आला होता. माझा देश त्याने विचारला नाही. "या रस्त्यावर तुम्हाला काय अडतं?" असं विचारलं. मी म्हणाले, बस थांब्यापासून घरापर्यंत दोन दिवे बंद आहेत, नाईट करून येताना हिवाळ्यात काळोख असतो. त्याने वहीत लिहून घेतलं. तो निवडून आला आणि दिवे लागायला चार महिने गेले, पण लागले. इथलं सगळं चांगलं आहे असं मला म्हणायचं नाही. घरांची टंचाई इतकी आहे की आम्ही चार नर्सेस दोन खोल्यांत दोन वर्षं काढली. पण त्या संध्याकाळी दार लावल्यावर माझ्या मनात आलं, आपण मिरजेत असताना असं दार कितीदा वाजायचं! प्रचाराला आलेल्यांना आई चहा विचारायची आणि आधी पाणी किती वाजता सोडता ते भांडून घ्यायची. ते राजकारण आहे असं मला तेव्हा वाटतच नसे. राजकारण म्हणजे मुंबई आणि दिल्ली.

लांबून बघणाऱ्याचं काय होतं ते मला गेल्या वर्षी उलट्या बाजूनेही कळलं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासाने काळजी घ्यायची सूचना काढली. ते खरं होतं आणि भीतीही खरी होती. आम्ही काही आठवडे एकट्या चालत गेलो नाही. पण मिरजेत आईने टीव्हीवर जे बघितलं त्यात आख्खं आयर्लंड पेटलेलं होतं. रोज फोन: "सोड नोकरी, ये परत." मी सांगायचे, आई, माझ्या खालच्या मजल्यावरची आजी दर रविवारी मला केक आणून देते, वॉर्डातल्या आयरिश मुली मला गाडीने घरी सोडतात. ते तिला पटत नसे, कारण टीव्हीवर ती आजी नव्हती. फोन ठेवल्यावर मला वाटायचं, मी महाराष्ट्र असाच तर बघते आहे. जे पेटलेलं आहे तेवढंच मला दिसतं.

म्हणजे लांबच्या माणसाने बोलूच नये का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण बेळगावचं आहे.

सविता हलप्पनवार बेळगावची. दंतवैद्य. २८ ऑक्टोबर २०१२ ला आयर्लंडमधल्या गॉलवेमध्ये तिचा मृत्यू झाला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं होतं, तिने गर्भपाताची विनंती केली होती, आणि त्या वेळच्या कायद्यामुळे, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून, ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला. त्या कायद्याच्या मुळाशी गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारा घटनाबदल होता. आयर्लंडने तो रद्द करायचा की नाही यावर २५ मे २०१८ ला सार्वमत घेतलं. मी तेव्हा नवीनच आले होते. माझं गाव बेळगावहून रेल्वेने तीन तासांवर आहे हे कळल्यावर वॉर्डातल्या बायका मला थांबवून तिच्याबद्दल बोलायच्या, मी तिची कुणी नातेवाईक असल्यासारख्या. सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयर्लंडच्या मतदारांना आवाहन केलं होतं की आमच्या मुलीची आठवण ठेवा. त्यांना इथे मत नव्हतं, मलाही नव्हतं. परदेशात गेलेल्या शेकडो आयरिश मुली त्या दिवशी विमानाने मत द्यायला आल्या, कारण परदेशातून त्यांनाही मत देता येत नाही. ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र काढलं होतं, त्यावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. नंतर मी ते बघायला गेले होते.

बेळगावच्या त्या बापाइतकं लांबून कुणी बोललं नसेल, आणि त्यांच्याइतका बोलायचा अधिकार कुणाला नसेल. जे भोगलं होतं तेवढंच ते बोलले. मी दीड हजाराबद्दल जे लिहिलं त्यात माझं भोगलेलं काय होतं? मी तर पुरातही नव्हते.

आता मागणी. संपादक महाराज, आपल्या वेबसाइटवर मुंबईत कोण कुणाला काय म्हणालं याच्या बातम्या दिवसाला चाळीस असतात, मी मोजल्या आहेत. आमच्या जिल्ह्याचं आतलं पान, ज्यात वॉर्ड, टाकी, रस्ता, बाजार समिती असते, ते छापील अंकात येतं. वेबसाइटवर त्यातलं एखाददुसरंच, तेही कुणी मारामारी केली तर. आई मला कधीकधी त्या पानाचा फोटो काढून पाठवते, घडीच्या जागी अक्षरं दिसत नाहीत. ते पान रोज पूर्ण वेबसाइटवर टाका. मतदानाला दहा दिवस आहेत, तेवढ्यात निदान प्रभागवार उमेदवारांची यादी, त्यांनी प्रतिज्ञापत्रात काय लिहिलं आहे, आणि आधी निवडून आलेला असेल तर सभागृहात त्याने काय विचारलं होतं, एवढं द्या. निवडणूक झाल्यावर महासभेच्या दिवशी विषयपत्रिका द्या. आम्ही बाहेर राहणारे हजारोंनी आपल्याला वाचतो. जे समोर येईल तेच आम्ही पुढे ढकलतो, तेच घरच्यांच्या तोंडावर फेकतो. समोर पाण्याच्या टाकीची बातमी आली तर आम्ही निदान टाकीवर भांडू, आणि त्या भांडणात आमची आई आम्हाला चूक दाखवू शकेल.

वाटल्यास वर्गणी लावा. मी भरीन, आणि इथल्या मराठी घरांतून मिळवून देईन.

अर्ज माघारीची मुदत संपली आहे. परवा मामांचा फोन आला होता. मिरजेत आईच्या प्रभागात कोण कोण उभं आहे ते त्यांनी कुणाकडून तरी काढून ठेवलं होतं. चार जागा, म्हणजे आईला चार मतं द्यायची आहेत. मी हँडओव्हरच्या कागदाच्या मागे नावं लिहून घेतली. त्यातली दोनच माझ्या ओळखीची निघाली. एकजण शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. बाकीच्यांनी आजवर काय केलं आहे ते मामांनाही नीट सांगता आलं नाही. ते मला आपल्या अंकात वाचायचं आहे.

आपली,
एक वाचक परिचारिका (नाव छापू नये ही विनंती)
लिमरिक, आयर्लंड, मूळ मिरज
५ जानेवारी २०२६